बिस्मथ फेराइटची दृष्ट

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी आईवर ओरडले असं वाचाल तेव्हा दचकायला नको. बाळकुमात आमच्या आळीत बायका हळू बोलतच नाहीत. खाडीवरून, मिठागरांवरून वारा असा येतो की हळू बोललेलं पलीकडच्या ओट्यावर पोचायचंच नाही. त्यात मी एम.एस्सी. झालेली, म्हणजे आळीतल्यांच्या मते माझ्या ओरडण्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का होता.

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. वडील होडी घेऊन खाडीत जायचे, आई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची, आणि मी ठाण्यातल्याच एका कॉलेजात फिजिक्सच्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आई गिऱ्हाइकांना सांगायची, "पोरगी लोखंडावर शिकतंय." अगदीच चुकीचं नव्हतं ते.

सर डोंबिवलीचे. बोलणं अगदी पुण्याचं, कपडे इस्त्रीचे, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या जोडीला एक छोटा लोहचुंबक. समोर जे येईल त्याला तो लावून बघायचे. एकदा माझ्या डब्याच्या झाकणाला लावला, तो चिकटला, तर म्हणाले, "दुकानदाराने फसवलं तुम्हाला. हे चांगलं स्टील नाही." मी घरी जाऊन सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना दुकानदाराशी भांडून डबा बदलून घेऊन आली. तेव्हापासून आईच्या लेखी सर म्हणजे फार मोठे शास्त्रज्ञ.

त्यांचा जीव अडकला होता बिस्मथ फेराइटमध्ये. तांबूस तपकिरी भुकटी, दिसायला मिसरीसारखी. तिची गंमत अशी, की तिच्यात वीज आणि चुंबकत्व एकाच घरात नांदतात. अशा पदार्थांना आता मल्टिफेरॉइक असं भारदस्त नाव मिळालंय, आम्ही तेव्हा नुसतं 'आपली भुकटी' म्हणायचो. तिच्यातले लोखंडाचे अणू म्हणजे बारीक बारीक चुंबकच, पण शेजारी शेजारी उलट तोंडं करून बसलेले, भांडलेल्या जावांसारखे. त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जवळजवळ कळतच नाही. विजेचं वेगळं. तिथे गावात पाडे असतात तसे भाग पडलेले असतात, एका पाड्यातली सगळी घरं एका दिशेला तोंड करून, दुसऱ्या पाड्यातली दुसरीकडे. या पाड्यांना म्हणतात डोमेन. सरांचं म्हणणं एकच होतं. एका घरात राहतात, तर एकमेकांशी बोलतही असणार. बाहेरून जोरदार चुंबक लावून जावांना हलवलं, तर पाड्यांची तोंडंही थोडीफार फिरलीच पाहिजेत.

आता हे बघायचं कसं? तर क्ष-किरणांनी. भुकटीवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांतच परत फिरतात, आणि यंत्राचं पेन सरकत्या कागदावर उंच उंच शेंड्या काढत जातं. आमच्या भुकटीत एके ठिकाणी दोन शेंड्या जोडीने उभ्या राहतात. पाड्यांची तोंडं फिरली तर त्यातली एक वाढणार, दुसरी उतरणार. परदेशात म्हणे मैदानाएवढी गोल यंत्रं होती, तिथल्या क्ष-किरणांना अणूंचं चुंबकत्व थेट दिसायचं, पुसट का होईना. आमची सगळी भिस्त त्या दोन शेंड्यांवर.

सर अठरा वर्षं हे सांगत होते, आणि अठरा वर्षं ते काही दिसत नव्हतं. शेजारच्या खोलीतले रसायनशास्त्रवाले चहाच्या वेळी विचारायचे, "काय, बोलायला लागले का तुमचे नवरा-बायको?" सर हसायचे, पण चहा अर्धा टाकून उठायचे. येत्या मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. त्याआधी ज्यात ती एक शेंडी वाढलेली असेल असा एक आलेख, एवढंच त्यांना हवं होतं. माझी डिग्री काय, आज ना उद्या झाली असती. सरांकडे मार्चपर्यंतचाच वेळ होता, आणि ते एकदाही तसं बोलून दाखवायचे नाहीत, त्यामुळे मलाच जास्त घोर लागलेला.

भुकटी भाजायला कॉलेजात धड भट्टी नव्हती. मानपाड्याला सरांच्या ओळखीचा एक छोटा कारखाना होता, लाउडस्पीकरचे चुंबक बनवणारा. त्यांची भट्टी बंद झाली की उतरत्या आचेवर भुकटी दाबून केलेल्या आमच्या वड्या आत सरकवायच्या. तिथला फोरमन मला बघितलं की म्हणायचा, "मॅडम, तुमच्या नानकटाया झाल्या, घेऊन जा." असा मला त्याचा राग यायचा. पण नानकटाया व्हायच्या मात्र उत्तम, कुठे करपणं नाही, कुठे कच्चं राहणं नाही.

मग जानेवारीत आम्ही वडीची भुकटी करून तिचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा कॉलेजातल्या मोठ्या विद्युतचुंबकाच्या तोंडात धरून गरम केला आणि तिथेच थंड होऊ दिला. आता दोन्हींचे क्ष-किरण काढून ताडून बघायचे. यंत्र मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत, आणि सरांनी पत्रांवर पत्रं लिहून मिळवलेली वेळ गुरुवारी सकाळची. म्हणून बुधवारी मी भुकटी घरीच आणली. खाडी दारात, रात्री दव पडायचं, भुकटी ओल धरेल म्हणून स्टीलच्या दोन छोट्या वाट्यांत काढून टेबललॅम्पच्या दिव्याखाली उघडीच ठेवली. आई बाजूला उभी राहून बघत होती.

"दोन कशाला गो?" तिने विचारलं.

"ही साधी. आणि ही मॅग्नेटमधून आलेली. हिच्यावर सरांचं सगळं अवलंबून आहे. हात लावू नकोस."

"मी कशाला लावू हात?" आई म्हणाली. आणि तिने हात लावलाही नाही, हे मला शपथेवर सांगता येईल. दिवेलागणीला मी सरांना फोन करायला नाक्यावरच्या पीसीओवर गेलेले, परत आले तेव्हा वाट्या होत्या तिथेच होत्या.

गुरुवारी संस्थेत पोचले. तिथे भुकटी पुन्हा खलात घोटून काचेच्या खाचेत दाबून भरायची असते. साधी भुकटी झाली. मग मॅग्नेटवाली खलात ओतली, तर तिच्यात एक काळा, गोल, बारीक दाणा. मी म्हटलं, झुरळाची लेंडी असणार, घरी आणल्यावर दुसरं काय होणार. चिमट्याने उचलला, फेकला. भुकटीने माखलेले दोन-तीन खडेही बत्त्याखाली लागले. ओल धरून गोळे झाले असतील म्हणून मी ते चांगले रगडून काढले. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नमुना कसा तयार करावा हे माझ्याकडून शिकावं.

पेन चालू झालं. साध्या भुकटीच्या दोन शेंड्या अठरा वर्षं यायच्या तशाच आल्या, जवळपास एका उंचीच्या. मग दुसरी लावली. पेन त्या जागी आलं आणि डावी शेंडी चढायला लागली, आणि चढली, आणि उजवीच्या डोक्यावरून वर गेली. आणखी एक-दोन बारीक शेंड्या नको तिथे होत्या, पण उरलेल्या बिस्मथचा कचरा तिथे नेहमीच दिसायचा. त्यांच्याकडे कोण बघतंय?

कॉलेजात परत आले तेव्हा सर वर्ग संपवून खडूचे हात झटकत येत होते. मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, म्हणजे उजेडात दोन्हींच्या रेघा दिसतात. बराच वेळ धरून होते. मग म्हणाले, "अगं, चल, चहा पिऊ." त्या दिवशी त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, रसायनवाल्यांच्या मधोमध बसून.

पुढचा आठवडा सर हवेत होते. परदेशातल्या एका प्राध्यापकाला पत्र गेलं. युनिव्हर्सिटीच्या सेमिनारमध्ये बोलायचं आमंत्रण आलं, कित्येक वर्षांत पहिलंच. शनिवारी डोंबिवलीहून येताना त्यांनी पेढे आणले, एक डबा रसायनवाल्यांना आणि एक, "हा तुझ्या आईंना."

आणि त्या पेढ्यांनीच घात केला. रविवारी आई ओट्यावर बसून शेजारणीला पेढा देत होती, मी आत केस विंचरत होते, आणि आई नेहमीच्या आवाजात, म्हणजे खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "मी दिष्ट कारली ना त्या भुकटीची. मीठ-मोहऱ्या घेतल्या नि सात येला ओवालल्या. एवडी मोठी मशीन, कोन कोन बघनार, लोकांच्या डोल्यांचं काय सांगावं?"

कंगवा माझ्या हातातच राहिला. झुरळाची लेंडी कसली, ती मोहरी होती.

मी बाहेर आले. "कुठून ओवाळलंस?"

"वरून. हात नाय लावला."

"मूठ मिटलेली होती?"

"मिटलेलीच व्हती. थोडी सांडली असंल. एवडं काय त्याच्यात?"

"कुठल्या वाटीवरून?"

"तूच बोललीस ना, हिच्यावर सगलं हाय म्हनून. तिच्याच."

झालं. पुढची पाच मिनिटं मी काय काय बोलले ते लिहीत नाही. अडाणीपणा, मिठागराची अक्कल, सरांचं नाक कापलंस, सगळं झालं. मिठाच्या खड्याची म्हण तुमच्या ओठावर आली असेल. शेजारणीच्याही आली, आणि ती बोलूनही मोकळी झाली. आईने हळूच विचारलं, "तुला कारतील का गो आता कॉलेजातून?"

आणि मी रागाच्या भरात म्हटलं, "काढतील नाहीतर काय, हाकलून देतील."

तसं काही होणार नव्हतं, मला माहीत होतं. तरी बोलले. त्याची लाज मला अजून वाटते. आईने पेढ्यांचा डबा बंद करून फडताळात ठेवला आणि त्यातला एकही पेढा तिने नंतर खाल्ला नाही.

सोमवारी सरांच्या आधी मी कॉलेजात. कुठल्या पदार्थाच्या शेंड्या कुठे येतात त्याची छापील कार्डं खणात लावलेली असायची. मिठाचं कार्ड काढलं. बघते तर मिठाची एकेक शेंडी आमच्या शेंड्यांना खेटून बसलेली, आणि सगळ्यात मोठी नेमकी त्या जोडीतल्या डावीच्या जागी. तरी मन मानेना. उरलेली भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून गाळली आणि रसायनवाल्यांकडून सिल्व्हर नायट्रेट मागून आणलं. दहावीतल्या पोरांनाही येते ही परीक्षा. चार थेंब टाकले आणि नळीत पांढरं दही जमलं. साध्या वाटीतली भुकटी तशीच करून बघितली, तर पाणी नितळ.

खोटं कशाला सांगू, दुपारपर्यंत मनात वेगळेच विचार होते. नळी धुऊन टाकली तर कोणाला कळणार होतं? सेमिनार गुरुवारी होता. सर बोलतील, लोक टाळ्या वाजवतील, मार्चमध्ये सर खुशीत घरी जातील. पुढे कोणी तपासलं तर तपासलं. मी ती नळी दोनदा बेसिनपर्यंत नेली. पण अठरा वर्षं नाही दिसलं तर नाही म्हणणारा माणूस, त्याच्या नावावर मी मीठ खपवायचं? ते काही मला जमेना. जेवणाच्या सुट्टीनंतर मी नळी आणि कार्ड दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि वाटीपासून मोहरीपर्यंत सगळं सांगितलं.

सर आधी हसले. अगदी मनापासून, खुर्चीत मागे रेलून. "दृष्ट," ते म्हणाले, "बिस्मथ फेराइटची दृष्ट." मग त्यांनी नळी उजेडात धरली आणि हसणं हळूहळू थांबलं. म्हणाले, "धुऊन घे ती भुकटी. तीच. पुन्हा काढू." आणि तिथूनच युनिव्हर्सिटीत फोन लावला. मला वाटलं तब्येतीचं वगैरे कारण सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं, "नमुन्यात मीठ पडलेलं निघालं. बोलण्यासारखं काही उरलेलं नाही." चहाच्या वेळेपर्यंत ते रसायनवाल्यांना कळलंच, आणि पुढचे कितीतरी दिवस सरांना चहाबरोबर मीठ विचारलं जायचं.

यंत्रावर पुन्हा वेळ मिळायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि मीही अशी हट्टी, की 'हाकलणार नाहीत गं' एवढे तीन शब्द तिला सांगितले नाहीत. रोज सकाळी मी निघाले की ती दारापर्यंत यायची आणि संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघायची. मला ते दिसत होतं. तरी नाही सांगितलं.

या वेळी सर स्वतः आले. भुकटी मी तीनदा धुतलेली, वाळवलेली, चिठ्ठी चिकटवून बाटलीत बंद केलेली. पेन त्या जागी आलं. सर पुढे वाकले. डावी शेंडी चढली, उजवी चढली, आणि दोघी शेजारी शेजारी जवळपास एका उंचीच्या उभ्या राहिल्या. साध्या भुकटीच्या कागदावर तो कागद ठेवला तर केसाचा फरक नव्हता.

"छान," सर म्हणाले. "एकसारखे आलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दोघं प्रयोगशाळेत होतो. सर कागदांवर तारखा घालत होते. दारात बघते तर आई. बाजारातून तशीच आलेली, नेसूचं वर खोचलेलं, माशाची पाटी गेटवर वॉचमनपाशी ठेवून. कॉलेजात ती त्याआधी कधीच आली नव्हती. माझ्याकडे न बघताच ती सरांना म्हणाली, "मास्तर, चूक माजी हाय. मीठ मी सांडलं. पोरीला कारू नका."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात त्यांना सगळं कळलं. मग उठून त्यांनी आपली पाठीची खुर्ची आईसाठी ओढली. "बसा. कोणी कोणाला काढत नाहीये. तुमची मुलगी काय घेऊन आली होती ते दाखवतो."

त्यांनी तिन्ही कागद टेबलावर पसरले. साध्या भुकटीचा, मिठाचा, आणि धुतलेल्या भुकटीचा. आईला अक्षर वाचता यायचं नाही, पण रेघ कोणालाही दिसते. तिने मधल्या कागदावर बोट ठेवलं, कागदाला न टेकवता. "ही कोनाची एवडी उंच?"

"ही तुमची. मिठाची. मीठ कुठलंही असो, ठाण्याचं नाहीतर जर्मनीचं, बरोबर याच जागी उभं राहतं."

"आमच्या मिठागराचं हाय ते," आई म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. ती पुढे वाकून तिसरा कागद बघायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मासळी निवडताना बघते तसा. मग म्हणाली, "आनि तुमची कंची, मास्तर?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "माझी यात नाही," ते म्हणाले. "माझी आली नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या वेळी, मोठा चुंबक, दुसरी भट्टी, असलं काहीतरी. पण मार्च तोंडावर होता आणि पुढची वेळ नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आमच्याकडे जाळं रिकामं आलं की काय मिळालं म्हणून विचारत नाहीत. समजूतही घालत नाहीत. आईने कागदांवरचं बोट काढून घेतलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "जेवलात का, मास्तर?"

"नाही," सर म्हणाले. "राहिलंच आज."

"मंग जेवून घ्या आदी."

सरांनी तिन्ही कागद गुंडाळून बाजूला ठेवले, पिशवीतून डबा काढला, आणि आम्हा दोघींसमोर मुकाट्याने जेवायला बसले.